ताटागणिक

आमच्या गावात लग्नाचं जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं.
बंब बाहेर काढून उभा करायचा, फरशी तीनदा धुवायची,
तरी कोपऱ्यात डिझेलचा वास राहतोच.
कुणी नावं ठेवत नाही. माझ्या लग्नातही होता.

किंगा व्रोत्सवाफहून आली ती तक्ता घेऊनच:
तीन केटरर, अकरा रकाने, रंग भरलेले.
"आई, भावनेच्या भरात ठरवायचं नाही."
नाही ठरवत, म्हटलं. गाडीत बसले,
पर्स मांडीवर.

पहिला बियाविस्तोकचा. काळ्या पाटीवर
नखाएवढं बीट, आणि काचेचं झाकण उचललं की धूर.
"तुमची संकल्पना काय?" त्यानं विचारलं.
लग्न, मी म्हटलं.
किंगानं टेबलाखाली माझा पाय दाबला.
ताटागणिक चारशे वीस झ्लॉटी.
पाणी वेगळं.

दुसरा हुबर्ट, पेट्रोल पंपामागे. सरळ माणूस,
सगळं छापील: गरम चार वेळा, थंड अखंड,
मध्यरात्री बीटाचं सार,
दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धं ताट.
"रादेकचा भाचा लग्नादिवशीच दहाचा होतो," किंगा म्हणाली.
"किती वाजता?" हुबर्ट हसला नाही.
वाजवणाऱ्यांना तो शेवटी वाढतो.
मी म्हटलं, आधी वाढा.
उपाशी माणसाची पोल्का लंगडते.
मग त्याच्या रोसूवचा चमचा तोंडात घेतला.
शितावरून भात कळतो;
हे सूप पुडीत जन्मलं होतं.

तिसरी गेनोव्हेफाबाई.
तक्त्यात तिच्या नावापुढे नऊ रकाने रिकामे.
चाळीस वर्षं त्या हॉलची चूल तिची.
मला नवरी म्हणून तिनं वाढलं,
आईला माती देऊन आलो तेव्हाही तिनंच,
न बोलता, नूडल्स जरा जास्त.
माणसं किती, हे विचारलंच नाही तिनं.
विचारलं, "पहाटे तीनला टेबलाशी कोण कोण असेल?"
आणि, "ओलेक येणार का?"

ओलेक माझा दीर.
दोन एकर कुरण, नऊ वर्षं अबोला.
किंगानं तक्त्याकडे पाहिलं.
त्याला रकाना नव्हता.

बाईनं हात पुढे केले. सांधे अक्रोडासारखे.
"साठ लिटरचं पातेलं आता उचलत नाही मला.
रोसूव करीन. बाकीचं कुणालातरी सांगा."

हुबर्टला फोन केला.
पलीकडे बराच वेळ नुसती भांडी वाजत राहिली.
मग म्हणाला, आरोग्य तपासणीचं कार्ड आहे का बाईंचं?
होतं. चौऱ्याऐंशी सालचं,
फोटोत वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली.
"नवं काढावं लागेल. मंगळवारी मीच नेतो गाडीतून."
करारात सातव्या कलमाखाली त्यानं पेनानं लिहिलं:
सूप बाईंचं, गॅस माझा.

एकशे त्रेचाळीस ताटं.
मी म्हटलं, चव्वेचाळीस लिहा.
हुबर्टनं वर पाहिलं. "राखीव?"
"राखीव."
किंगानं आकडा खोडला, नवा लिहिला,
कोण, ते विचारलं नाही.
विसाराचे दोन हजार मी पाकिटातून मोजले,
मग पुन्हा मोजले, कारण मला नीट दिसेना.

बाईला सांगायला गेलो तर तिनं बरणी दिली,
उकळती, टॉवेलात बांधलेली.
रस्ताभर किंगानं ती गुडघ्यांत धरली,
खड्डा आला की झाकणावर तळहात.
तक्ता मागच्या सीटवर घरंगळत होता.

ओलेकच्या फाटकापाशी मी वेग कमी केला.
स्वयंपाकघरात दिवा होता.
थांबले नाही.

"सांडलं का गं?"
"थोडंसं," ती म्हणाली,
आणि बोट चोखलं.